ग्रँड कॅन्यन: साउथ कायबाबने नदीपर्यंत उतरून ब्राइट एंजलने वर, एका दिवसात की मुक्कामाने?

भटकेपाय

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या मध्याला साउथ रिमवर (दरीच्या दक्षिण काठावर) तीन रात्री राहणार आहोत. आम्ही तिघं: मी ४१, बायको ३८, ताई ५४. दिवसभर चालायची सवय तिघांनाही आहे. ताईचा डावा गुडघा मात्र लांब उतारावर कुरकुरतो.

पहाटे साउथ कायबाबच्या वाटेने उतरायचं, तळाशी कोलोरॅडो नदी गाठायची आणि त्याच दिवशी ब्राइट एंजलच्या वाटेने वर यायचं, असा विचार आहे. नकाशावर दोन्ही मिळून १७ मैलांच्या आसपास, म्हणजे २७ किलोमीटर होतात. एरवी एवढं आम्ही चालतो. पार्कवाले 'एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका' असं जागोजागी सांगतात, पण ते मुख्यतः मे ते सप्टेंबरच्या उन्हासाठी आहे ना? उलट दिशेने गेलं तर काय बिघडतं? पाणी किती घ्यायचं, वाटेत कुठे मिळतं? आणि गुडघ्यासाठी काय करता येईल?

कातळवाट

दिशा बरोबर निवडलीत, हिशेब मात्र चुकलाय. अंतर मोजू नका, उंची मोजा.

साउथ कायबाबचं तोंड ७,२६० फुटांवर आणि नदी साधारण २,४०० फुटांवर. म्हणजे सात मैलांत जवळपास ४,८०० फूट उतार. ब्राइट एंजलचं वरचं टोक ६,८५० फुटांच्या आसपास, त्यामुळे परतीला सुमारे ४,४०० फूट चढ, तोही साडेनऊ-दहा मैलांत पसरलेला. आपल्याकडे गड चढताना दम लागला की माघारी फिरायचं, घरची वाट उताराची असते. इथे सगळं उलटं. दमल्याचं कळतं तेव्हा तुम्ही तळाशी असता आणि चढ अख्खा बाकी असतो. उतरताना शरीर खोटं बोलतं, हवा गार असते, पाय आपोआप पडतात. म्हणून इथे परत फिरायचा निर्णय दमण्यावरून घ्यायचा नसतो, घड्याळ आणि बाटली बघून घ्यायचा असतो.

चढाची वाटणीही समान नाही. नदीपासून वाटेतल्या हवासुपाई गार्डन्स कॅम्पपर्यंत (३,८०० फूट) सुमारे १,३०० फूट चढ आहे. तिथून वरच्या टोकापर्यंत अंतर फक्त साडेचार मैल, पण चढ ३,००० फुटांचा. दिवसभराचा सगळ्यात खडा भाग सगळ्यात शेवटी, तोही हवा विरळ होत जाते तिथे. (जुन्या नकाशात ही जागा 'इंडियन गार्डन' म्हणून दिसेल. हवासुपाई या मूळनिवासी लोकांना इथून हुसकावलं गेलं होतं. त्यांच्याच मागणीवरून २०२२ मध्ये नाव बदललं.)

आता उलट दिशेचं. साउथ कायबाब ही डोंगरसोंडेवरची वाट आहे. सावली जवळजवळ नाही आणि पाण्याचा थेंबही नाही, वरपासून नदीपर्यंत. उतरताना हे चालतं, कारण चार तासांत आणि सकाळच्या गारव्यात तुम्ही खाली पोचता. चढताना त्याच वाटेवर सहा-सात तास आणि अख्ख्या दिवसाचं पाणी पाठीवर. ब्राइट एंजल एका भ्रंशाच्या खाचेतून वर जाते. कडे दोन्ही बाजूंना असल्याने दुपारनंतर तुकड्यातुकड्याने सावली मिळते आणि मध्यावर नळही आहे. म्हणून कायबाबने खाली, ब्राइट एंजलने वर.

वेळेचा ताळा करून पाहा. ऑक्टोबर मध्याला तिथे साडेसहाच्या सुमारास उजाडतं आणि सहाच्या आत सूर्य मावळतो. साडेसहाला निघालात तर नदी साडेदहा-अकराला. जेवून साडेअकराला उठलात तर हवासुपाई गार्डन्सला अडीच. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरायचा हा तिथला जुना ठोकताळा, तेव्हा वर पोचायला साडेसहा-सात. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी शेवटचा तुकडा अंधारात. आणि तिघांत सगळं सुरळीत होत नाही. कुणाचा तरी फोड, कुणाचं तरी पोट.

माझं मत: मुक्काम मिळाला तर नदी, नाही मिळाला तर नदी नाही. एका दिवसासाठी स्केलेटन पॉइंट (तीन मैल, साधारण २,००० फूट खाली) पुरेसा आहे. तिथून नदी पहिल्यांदा दिसते आणि त्याच वाटेने परत यायचं. किंवा ब्राइट एंजलने हवासुपाई गार्डन्स आणि पुढे प्लॅटो पॉइंट, जाऊन-येऊन १२ मैल. नदी थेट पायाखाली दिसते.

रानवारा

कातळवाट यांच्या आकडेमोडीशी सहमत, निष्कर्षाशी अर्धाच. ऑक्टोबरच्या मध्यात काठावर कमाल १८ आणि तळाशी २९ अंश सेल्सिअस एवढं सरासरी असतं. दर हजार फुटांना साधारण अडीच अंश वाढतात हे त्यावरूनच दिसेल. जुलैत तळाशी ४० च्या वर जातं, तेव्हा एक दिवसाचा बेत म्हणजे निव्वळ मूर्खपणा. ऑक्टोबरात तंदुरुस्त माणसं ते करतात. पण 'दिवसभर चालतो' हा निकष नाही. आधीच्या महिन्यात एका दिवसात ३,५०० ते ४,००० फूट चढ, तोही आधी तेवढंच उतरून, असं काही केलंय का? नसेल तर उत्तर मिळालं.

केलं असेल तरी एक फाटक ठेवा. स्केलेटन पॉइंटला पोचायला दोन तासांहून जास्त लागले, किंवा थांबल्यावर कुणाच्याही मांड्या थरथरायला लागल्या, तर तिथूनच मागे. पुढे रेडवॉल चुनखडीचा कडा आहे, वाट त्यातून नागमोडी उतरते आणि तो उतरला की माघारी फिरणं महाग पडतं. टिपऑफला (साडेचार मैलांच्या जरा आधी) संडास आणि आणीबाणीचा फोन आहे, पण तोवर उशीर झालेला असतो. हे फाटक वर असतानाच तिघांनी मिळून ठरवायचं. खाली चर्चा करायला गेलात तर नदी जिंकते.

पाणीदार

पाण्याचं सांगतो, कारण ऑक्टोबरचा मध्य हा नेमका फसवा काळ.

ब्राइट एंजलवर दीड मैल आणि तीन मैलांवरच्या विसाव्यांचे नळ हंगामी आहेत. पाइप गोठून फुटू नयेत म्हणून थंडीच्या तोंडावर ते बंद करतात आणि ते बऱ्याचदा ऑक्टोबरातच होतं. ते नळ नाहीतच असं धरून चाला. हवासुपाई गार्डन्सला आणि खाली ब्राइट एंजल कॅम्पग्राउंड व फँटम रँचला (तळाशी असलेलं मुक्कामाचं ठिकाण) एरवी वर्षभर पाणी असतं. 'एरवी' म्हणायचं कारण असं की हे सगळं पाणी उत्तरेकडच्या रोअरिंग स्प्रिंग्स झऱ्यांतून साडेबारा मैलांच्या एकाच पाइपलाइनने येतं. ती १९६० च्या दशकातली आहे आणि वारंवार फुटते. २०१० नंतर ८५ हून अधिक मोठ्या फुटी झाल्यात. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस तर एवढी फुटली की साउथ रिमवरची हॉटेलं काही दिवस मुक्कामासाठी बंद ठेवावी लागली. २०२३ पासून ती बदलायचं काम सुरू झालं. त्यापायी खालचे पूल, नदीकाठची वाट, कॅम्पग्राउंड यांपैकी काही ना काही महिनोन्‌महिने बंद राहिलंय. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी बॅककंट्री इन्फर्मेशन सेंटरमध्ये (पार्कच्या परवाना कार्यालयात) दोनच प्रश्न विचारा: आज कुठले नळ चालू आहेत, आणि आज कुठली वाट बंद आहे. पार्कच्या संकेतस्थळावरही रोजची स्थिती असते.

किती न्यायचं: कायबाब उतरताना ऑक्टोबरात माणशी ३ लिटर, आणि ४ लिटर मावेल एवढी बाटल्यांची सोय. कोरडी जागा हवासुपाई गार्डन्सनंतर लागते. तिथून वर निघताना प्रत्येकाकडे किमान २ लिटर भरलेले हवेत. गाळणी किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या सोबत ठेवाच. पाइप फुटलेला असेल तर ओढ्याचं पाणी हाच आधार. नदीचं पाणी गढूळ असेल तर थेट गाळू नका, गाळणी काही मिनिटांत तुंबते. भांड्यात निवळू द्या. चिमूटभर तुरटी फिरवली की गाळ लवकर बसतो, तराफेवालेही हेच करतात. मग वरचं पाणी गाळा. तुरटीने जंतू मरत नाहीत, ते काम वेगळं.

आता यापेक्षा महत्त्वाचं, मीठ. लोक भीतीने नुसतं पाणी ढोसतात. घामावाटे मीठ जातं, वरून पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, आणि पुढे झटकेसुद्धा. पंचाईत अशी की उष्णतेच्या थकव्याची लक्षणंही जवळपास हीच, आणि सोबतचा माणूस काळजीने आणखी पाणी पाजतो. फरक ओळखायचा तर विचारा: गेल्या तीन तासांत किती प्यायलास, किती खाल्लंस, लघवी कशी होते? भरपूर पिऊन, काही न खाता, पाण्यासारखी लघवी वारंवार होत असेल आणि पोट डबडबलं असेल, तर पाणी थांबवा, खारं खायला द्या, सावलीत बसवा. लघवी कमी आणि गडद असेल तर पाणी कमी पडलंय. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं तर कारण कुठलंही असो, मदत मागवा. अंग तापलेलं असेल तर अंगावर पाणी ओतून वारा घाला, तोंडात ओतू नका.

म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाला काहीतरी खारं: प्रेट्झेल, खारे दाणे, चिप्स. ओआरएसची पाकिटं माणशी दोन-तीन. चढावर भूक मरते, तरी खायचं.

भटकेपाय

मनापासून आभार. ३,५०० फुटांचा निकष लावला तर मी आणि बायको काठावर पास, ताई नाही. मग मुक्कामाचं बघतो. फँटम रँचची खोली आता मिळणार नाही असं दिसतंय, तंबूचा परवाना ऐनवेळी मिळतो का? आणि ओझं घेऊन उतरायचं म्हणजे गुडघ्याचा प्रश्न आणखी वाढतो.

कातळवाट

फँटम रँचची सोडत साधारण १५ महिने आधी असते, तेव्हा तो विषय संपला. तिथल्या बंकची (सामायिक खोलीतल्या पलंगांची) बुकिंगं कधीकधी रद्द होतात, संकेतस्थळ बघत राहा. तंबूच्या परवान्याची सोडत रिक्रिएशन डॉट गव्हवर साडेचार महिने आधी. ऐनवेळचे मोजके परवाने बॅककंट्री सेंटरच्या खिडकीवर मिळतात, त्यासाठी स्वतः जाऊन नंबर लावावा लागतो. तुमच्या तीन रात्रींत पहिल्याच दिवशी जा. हवासुपाई गार्डन्सचा परवाना मिळाला तर नाक मुरडू नका. पहिल्या दिवशी ब्राइट एंजलने तिथे उतरा, दुसऱ्या दिवशी ओझं तंबूत ठेवून रिकाम्या अंगाने नदीपर्यंत जाऊन या, तिसऱ्या दिवशी फक्त ३,००० फूट चढ. ५४ वर्षांच्या गुडघ्याला ही मांडणी कायबाबपेक्षा बरी. दोन रात्री मिळाल्या पाहिजेत एवढंच.

परवान्याशिवाय खाली रात्र काढता येत नाही. दिवसाच्या चालीला परवाना लागत नाही.

टाचदुखी

गुडघ्यावर आणि पायांवर, माझा आवडता विषय.

कायबाबचा उतार मऊ नाही. वाट धुपू नये म्हणून आडवी लाकडं टाकलीयत, त्यामागची माती खेचरांच्या खुरांनी खरवडून गेलीय. परिणाम असा की फूट-फूटभर उंचीच्या अनियमित पायऱ्या तयार झाल्यात. प्रत्येक पायरीवर टाच आपटत उतरलं की दुखणारा गुडघा दोन मैलांत बोलायला लागतो. दोन काठ्या घ्या, एक नव्हे. उतारावर त्या ८-१० सेंटीमीटरनी लांब करा, चढावर परत आखूड. काठी आधी खालच्या पायरीवर, मग पाय. जिथे बाजूने उतरंड आहे तिथे पायरी टाळून त्यावरून छोटी पावलं टाका. गुडघा सरळ ताठ करून टेकू नका, किंचित वाकलेला ठेवा.

तयारी करायची तर चढायची नको, उतरायची करा. जिने. मांडीचे पुढचे स्नायू उतरताना ताणाखाली लांबतात, त्यानेच दुसऱ्या दिवशी पाय हलत नाहीत. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, २०-३० मजले उतरणं, शेवटी शेवटी पाठीवर ५-६ किलो घेऊन. ताईंनी आधी गुडघा डॉक्टरला दाखवून मगच हे करावं.

बूट अर्धा नंबर मोठे, वापरून मुरलेले. पायाची नखं निघायच्या दोन दिवस आधी कापा, त्याच दिवशी कापली तर कोपरे टोचतात. उतारावर पाऊल पुढे सरकून बोटं बुटाला आपटतात आणि नखं काळी पडतात. त्यासाठी वरच्या दोन भोकांतून नाडीचा फास घालून टाच मागे धरून ठेवा. 'इथे गरम लागतंय' असं वाटताक्षणी थांबून टेप लावा. फोड आल्यावर टेप लावणं म्हणजे पाहुणे गेल्यावर चहा ठेवणं. सीडर रिजला (दीड मैल) मोजे काढून पाय बघायचेच, दुखत नसले तरी.

सामान जास्त असेल तर फँटम रँचची खेचरं ३० पौंडांपर्यंतची पिशवी आणतात-नेतात, पैसे आणि आधी नोंदणी लागते.

रानवारा

खेचरांवरून आठवलं. तांडा आला की वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला उभं राहायचं, दरीकडच्या नव्हे. हाकणारा सांगेल ते ऐका, हलू नका, बोलू नका, आणि शेवटचं खेचर ५० फूट पुढे गेल्यावरच चाला. खाली दोन झुलते पूल आहेत. कायबाबचा काळा पूल १९२८ चा, त्याच्या अलीकडे बोगदा. चंदेरी पूल १९६० च्या दशकातला, पाण्याची पाइपलाइन त्याच्या खालून जाते. चंदेरी पुलाच्या जाळीतून खालची नदी दिसते, खेचरं त्यावर पाऊल टाकत नाहीत, म्हणून ती काळ्याच पुलावरून जातात. उंचीची भीती असलेल्या माणसांनीही खेचरांचं अनुकरण करावं.

नदीबद्दल एक. मूळ प्रश्नात पाय बुडवायचं म्हटलेलं नाही, पण खाली पोचल्यावर मोह होतोच. ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे १९६३ मध्ये बंद झाले तेव्हापासून इथे येणारं पाणी जलाशयाच्या खोल थरातलं असतं, बाहेर कितीही ऊन असलं तरी थंडगार. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याला खाली ओढ आहे. घोट्यापर्यंतसुद्धा उतरू नका, गाळाखाली कडा तुटलेली असते. पाय गार करायचे तर फँटम रँचजवळचा ब्राइट एंजल ओढा आहे, उथळ आणि दिसेल तेवढाच खोल. वर ढगांचा गडगडाट असेल तर तोही नको, ओढ्यांना पूर येतो. पावसाळी वादळांचा जोर सप्टेंबर मध्यापर्यंत, पण ऑक्टोबर अगदी निर्धास्त नाही.

खारींना काही देऊ नका. त्या चावतात, आणि पाठपिशवी कुरतडून आत शिरतात. कॅम्पवर लोखंडी डबे असतात, खाणं त्यात. सकाळी बूट झटकून घाला, विंचू.

पाणीदार

कपड्यांचं राहिलं. पहाटे काठावर २-३ अंश, दुपारी तळाशी २९. रिमवर कुडकुडत उभं राहावं एवढेच कपडे घालून चालायला लागा, पहिल्या मैलात अंग तापतं. ऑक्टोबर मध्याला पहिला बर्फही कधीकधी पडतो. ब्राइट एंजलचं वरचं टोक सावलीत असल्याने तो तिथे घट्ट होऊन टिकतो. हवामान तसं दिसलं तर बुटावर चढवायचे काटे घ्या. सुती शर्ट वाईट म्हणतात, पण तळाशी ऊन असेल तर ओला सुती शर्ट सगळ्यात चांगला. वर यायच्या आधी बदलायला एक कोरडा ठेवा म्हणजे झालं.

हेडलॅम्प तिघांचे तीन. मोबाईलचा उजेड मोजू नका, खाली सिग्नल शोधत बॅटरी लवकर उतरते.

भटकेपाय

ठरलं. पहिल्या सकाळी खिडकीवर. हवासुपाईच्या दोन रात्री मिळाल्या तर कातळवाट यांचा बेत, नाही तर स्केलेटन पॉइंट करून परत. शेवटची शंका: गाडी कायबाबच्या सुरुवातीला ठेवता येते का?

कातळवाट

नाही. त्या रस्त्यावर खाजगी गाड्यांना बंदी आहे. पहाटेची हायकर्स एक्सप्रेस बस ब्राइट एंजल लॉज आणि बॅककंट्री सेंटरवरून सुटते, वेळा महिन्यागणिक बदलतात. गाडी बॅककंट्री सेंटरला ठेवा. ब्राइट एंजलने वर आलात तर तिथून चालत गाठता येते.

आणि घड्याळ तपासा. ॲरिझोना उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे करणं) पाळत नाही, नावाहो नेशन (नावाहो मूळनिवाशांचा प्रदेश) पाळतं. ऑक्टोबरात युटाकडून किंवा नावाहो भागातून गाडीने आलात आणि फोनने तिथलीच वेळ धरून ठेवली, तर पहाटे तासभर आधी थंडीत उभे राहाल. त्यातल्या त्यात बरं एवढंच की बस चुकणार नाही.